सी.टी. स्कॅनमागील संगणक : गतीचे मोल

खर्चपत्रकातील ‘संगणक सामग्री’ या शीर्षकाकडे आमच्या हितचिंतकांचे लक्ष गेले असेल. स्कॅन यंत्र डोळ्यांना दिसते, त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. त्यामागील संगणक मात्र बंद खोलीत असतो. म्हणून त्याचे कार्य थोडक्यात विशद करणे उचित वाटते.

सी.टी. यंत्र छायाचित्र काढीत नाही. शरीराभोवती क्ष-किरण फिरवून प्रत्येक कोनातून ते किती शोषले गेले याची मोजमापे घेतली जातात व त्या आकड्यांवरून शरीराचा आडवा छेद गणिताने उभा केला जातो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे असे चित्रण झाले. त्या प्रतिमेत ८० गुणिले ८० चौकटी होत्या. त्याच वर्षी जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी ही आकडेमोड सुलभ करणारी पद्धत प्रसिद्ध केली. पुढे ती जगभर स्वीकारली गेली.

आज एका छेदात सामान्यतः ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २,६२,१४४ बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस दोन बाइट धरल्यास ५०० छेदांची तपासणी सुमारे २५० मेगाबाइट होते. साधा प्रोसेसर हा निष्णात मुख्य लेखापालासारखा असतो. कठीण हिशेब तो उत्तम करतो, पण एकामागून एक. ग्राफिक्स प्रोसेसर म्हणजे एकेका पानाची बेरीज एकाच वेळी करणारे हजारो कारकून. प्रत्येक बिंदूचे गणित बहुतांशी स्वतंत्र असल्याने ही वाटणी येथे फलदायी ठरते. मूळ व्हिडिओ खेळांसाठी विकसित झालेले हे तंत्र पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या ‘परम सिद्धी-एआय’ या २०२० च्या महासंगणकातही वापरलेले आहे.

ही गती चैनीची बाब नव्हे. पक्षाघातात मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यास दर मिनिटास सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ साली प्रसिद्ध झाला. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्यापूर्वी मेंदूत रक्तस्राव नाही याची स्कॅनद्वारे खात्री करावी लागते. वांगणी वा मुरबाडकडील खेड्यातून येणाऱ्या रुग्णाचा बराचसा अवधी वाटेतच सरलेला असतो. उरलेला संगणकापुढे वाट पाहण्यात जाता कामा नये.

तथापि केवळ वेगवान कार्ड पुरेसे नाही. भरपूर स्मृती, वेगवान साठवण, उत्तम नेटवर्क व वीज खंडित झाल्यास यू.पी.एस. हेही तितकेच आवश्यक. २६ जुलै २००५ व जुलै २०१९ चे उल्हास नदीचे पूर बदलापूरकर विसरलेले नाहीत. म्हणून सर्व्हर तळमजल्यावर नसावा आणि प्रतिमांची दुसरी प्रत अन्यत्र असावी, हे आवश्यकच ठरते.

निदान अखेर डॉक्टरच करतात. संगणक त्यांच्यापुढे स्पष्ट प्रतिमा वेळेत ठेवतो. या न दिसणाऱ्या कार्यासही आपल्या उदार हातांचे साहाय्य लाभावे, ही नम्र विनंती.