गुलखैऱ्याच्या पानामागचा तांबेरा

रायस्वाइकमध्ये राहत असाल, तर जुलैत फुटपाथच्या फटीतून उंच वाढलेला गुलखैरा तुम्ही पाहिला असेलच. इथले लोक त्याला स्टोकरोस म्हणतात. त्याचं खालचं एखादं पान उलटून बघा. बहुतेक वेळा मागे बारीक, नारिंगी-तपकिरी फोड दिसतील. आपल्याकडे गव्हावर तांबेरा पडतो ना, त्याच्याच कुळातली ही बुरशी. नाव पक्सिनिया माल्वासिएरम.

ती मूळची इथली नव्हे. १८५२ साली मोंतान्य या फ्रेंच अभ्यासकाने तिचं वर्णन केलं, ते चिलीतल्या नमुन्यांवरून. १८७३ मध्ये ती इंग्लंडमध्ये सापडली आणि बघता बघता युरोपभर झाली. हा प्रवास आज सांगता येतो, कारण कोणीतरी रोगट पानं तोडून कागदात दाबली, वाळवली, पाकिटात घातली आणि वर चार गोष्टी लिहिल्या: कोणत्या झाडावर, कुठे, कधी, कोणी. वाळवलेल्या वनस्पतींचा असा मोठा संग्रह आपल्या शेजारी लायडनला, नॅचरालिसमध्ये आहे. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत खास बुरशींचा संग्रह आहे, अजरेकरांच्या नावाचा.

आता या नोंदी संगणकावर येतात, आणि तिथे माझ्यासारख्या आयटीवाल्याचे कान टवकारतात. चिठ्ठीवर ३/७ लिहिलंय. सात मार्च की तीन जुलै? फक्त साल असेल, तर एखादी प्रणाली गुपचूप १ जानेवारी टाकून मोकळी होते. मग ऐन थंडीत तांबेरा! दुसरी गोम अशी, की वनस्पती गोळा करणारे सहसा देखणं, निरोगी पान निवडतात. म्हणून 'नोंद नाही' याचा अर्थ 'रोग नव्हता' असा काढू नका. फळं-रोपं निर्यात करताना आपल्या देशात कोणता रोग आहे, कोणता नाही हे सांगावं लागतं. तिथे हे पाकीट पुरावा ठरतं.

आणि पानातला ऐवज टिकतोही. आयर्लंडच्या दुष्काळाला कारण झालेला बटाट्याचा करपा (तो काटेकोर अर्थाने बुरशी नव्हे, पण तिच्यासारखाच) कोणत्या वाणाचा होता, हे २०१३ मध्ये संग्रहांतल्या जुन्या पानांतल्या डीएनएवरून कळलं.

गेल्या उन्हाळ्यात मीही गुलखैऱ्याचं एक पान वहीत ठेवलं. तारीख आणि गल्ली लिहायला विसरलो. आयुष्यभर लोकांना डेटाच्या शिस्तीवर प्रवचनं देणारा मी! आता ते नुसतं वाळकं पान आहे. तुम्ही ठेवलंत, तर आधी पेन्सिलने चिठ्ठी लिहा, कागद रोज बदला, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, कुजतं.