गाऱ्हाण्याची मागणी होते तेव्हा



अर्ज, निवेदन आणि ठराव यांचे नमुने आपण उपयोजित मराठीच्या अभ्यासात पाहिलेलेच आहेत. प्रति कोणाला, विषय कोठे, संदर्भ कसा, हे सारे सरावाने जमते. मात्र नमुन्यात नेमके बसलेले निवेदनही पुष्कळदा वाया जाते, कारण ते वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आपण काय करावयाचे आहे हे त्यातून उमगत नाही. मायना आणि मांडणी यांच्या आधीचा प्रश्न असा, की मागावयाचे काय? एकटा माणूस अर्ज करतो तेव्हा हा प्रश्न सोपा असतो. हजारो माणसे एकत्र येतात तेव्हा तोच सर्वांत अवघड होतो. प्रस्तुत घटकात आपण एका चळवळीने आपली मागणी कशी ठरवली ते पाहणार आहोत. उदाहरण राजस्थानातील आहे. पण त्या मागणीतून झालेला कायदा आपल्यापैकी अनेकांनी आपल्या गावात वापरला असेल.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'तक्रार' हा मूळचा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ पुनरुक्ती, तेच ते पुन्हा सांगणे. मराठीत आल्यावर अर्थ बदलला, तरी जुना अर्थ पुरता पुसला गेला आहे असे म्हणवत नाही. 'गाऱ्हाणे' हा शब्द अधिक हृद्य आहे. कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात, तेव्हा जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला साथ देतात. म्हणजे गाऱ्हाण्याला होकार भरतो तो आपलाच समुदाय. मागणीचे तसे नाही. मागणीला होकार किंवा नकार समोरच्याने द्यावयाचा असतो आणि म्हणूनच ती अशी असावी लागते की जिला नकार देता येईल. 'आमच्यावर अन्याय होत आहे' या वाक्याला कोणीही नकार देत नाही. मान हलवून सहानुभूती दाखवता येते आणि विषय संपतो.

आता राजस्थानकडे वळू. १९८७ मध्ये अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्यांचे सहकारी आजच्या राजसमंद जिल्ह्यातील देवडूंगरी या गावी येऊन राहिले. अरुणा रॉय या प्रशासकीय सेवा सोडून आलेल्या. भाग कोरडवाहू आणि वरचेवर दुष्काळाचा. पोटासाठी लोक सरकारी दुष्काळी कामांवर जात. या मजुरांची व छोट्या शेतकऱ्यांची मिळून १ मे १९९० रोजी भीम येथे 'मजदूर किसान शक्ती संघटन' स्थापन झाली. मजुरांचे गाऱ्हाणे साधे होते. किमान वेतन जाहीर असताना हातात त्याहून पुष्कळ कमी पडे. विचारावे तर 'काम मापात भरले नाही' हे ठरलेले उत्तर. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या पिढीला हे उत्तर ओळखीचे वाटेल. माप घेणारा कोण, ते लिहिले कोठे, हजेरीपटावर अंगठा कोणत्या आकड्यासमोर उमटला, हे मजुराला कळण्याची सोयच नसे.

अशा वेळी स्वाभाविक मागणी कोणती? 'आम्हाला पूर्ण किमान वेतन द्या.' संघटनेने सुरुवातीला हीच मागणी केली आणि तिच्यासाठी उपोषणेही झाली. पण येथे एक विचित्र अडचण होती. ही गोष्ट मजुरांना कायद्याने आधीच मिळालेली होती. दुष्काळी कामावरील मजुराला किमान वेतनापेक्षा कमी देणे हा संविधानाच्या अनुच्छेद २३ चा भंग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच दिला होता, आणि तोही राजस्थानच्याच प्रकरणात. जे कागदावर मिळालेले आहे ते पुन्हा मागण्याने काय साधणार? शासन म्हणे, वेतन दिलेलेच आहे, हजेरीपट पाहा. मजूर म्हणत, दाखवा तो हजेरीपट. अधिकारी म्हणत, तो दाखवता येत नाही, गोपनीय आहे. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम दुष्काळी कामाच्या हजेरीपटाच्या आड उभा केला जाई!

मजुरांनी आपली मागणी या बंद दारापाशी नेऊन ठेवली. वेतनाच्या जागी हजेरीपट आला. वरवर पाहता हे मागे हटणे होते, कारण कागदाने पोट भरत नाही. परंतु कागद हाती आल्यावाचून वेतनाविषयीचे कोणतेही विधान सिद्ध होणार नव्हते आणि ही गोष्ट कामावर गेलेल्या माणसालाच सर्वांत स्पष्ट दिसत होती. पुढे दिल्लीतील एका पत्रकार परिषदेत जेमतेम चौथी शिकलेल्या एका कार्यकर्तीला माहितीचा अधिकार कशासाठी हवा असे विचारले गेले. मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवले तर परतल्यावर मी हिशेब विचारते. सरकार माझ्या नावाने एवढे पैसे खर्च करते, तर त्याचा हिशेब मी विचारू नये का, अशा आशयाचे उत्तर तिने दिल्याचे चळवळीच्या इतिहासात नोंदलेले आहे. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' या घोषणेचे इतके नेमके भाष्य मला अन्यत्र आढळलेले नाही.

डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई झाली. भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. मिळवलेले हजेरीपट व देयके उघड्या सभेत, ध्वनिक्षेपकावरून, नावानिशी मोठ्याने वाचण्यात आली. कार्यालयात जे लिखित आणि मूक होते ते गावात मौखिक झाले. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना आपले नाव ऐकू आले आणि 'मी त्या दिवशी कामावर नव्हते' हे त्या तेथेच सांगू शकल्या. अशा सुनवायांतून मृतांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावे हजेरीपटावर निघाली. पूर्ण झाल्याची नोंद असलेली इमारत प्रत्यक्षात अपुरी निघाली. गाव वाचू शकत नाही, या खात्रीवर लिहिले गेलेले ते लेखन होते.

या सुनवायांतून चार मागण्या आकारास आल्या : कारभारात पारदर्शकता, अधिकाऱ्यांचे उत्तरदायित्व, लोकांकडून होणारे सामाजिक अंकेक्षण, आणि लुबाडलेल्या पैशाची परतफेड. चारही योग्य; पण चौघींचे व्याकरण सारखे नाही. 'पारदर्शकता' हे भाववाचक नाम आहे. ते कोणी कोणाला केव्हा द्यावयाचे? म्हणून चळवळीने त्या नामाचे एका वस्तूत रूपांतर केले : कामाच्या देयकांच्या, पावत्यांच्या आणि हजेरीपटांच्या छायाप्रती. एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोंसिंह शेखावत यांनी पंचायतीच्या कामांची कागदपत्रे लोकांना मिळतील असे विधानसभेत जाहीर केले. वर्ष उलटले, आदेश निघाला नाही. ६ एप्रिल १९९६ रोजी ब्यावर येथे धरणे सुरू झाले.

धरणे सुरू होत असतानाच शासनाने आदेश काढला. शुल्क भरून कागदपत्रे पाहता येतील, पण छायाप्रत मिळणार नाही. आता ठरवायचे होते. घरे सोडून, ऐन उन्हाळ्यात, लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत माणसे रस्त्यावर बसलेली. शासन एक पाऊल पुढे आलेले. विजय जाहीर करून उठण्यात लाज वाटण्याजोगे काही नव्हते. चळवळींना अनेकदा अर्धे स्वीकारावे लागते आणि त्यांना त्यासाठी दोष देणारे बहुधा स्वतः रस्त्यावर बसलेले नसतात. तरीही मजुरांनी तो आदेश नाकारला. 'पाहणे' आणि 'प्रत मिळणे' या दोन क्रियापदांतील अंतर त्यांनी ओळखले होते. पाहिलेले नाकारता येते. हाताने उतरवून घेतलेले 'तुम्हीच लिहिले' म्हणून फेकता येते. प्रमाणित प्रत मात्र कार्यालयाच्याच शिक्क्याने कार्यालयाविरुद्ध बोलते. शिवाय ज्याला वाचता येत नाही त्याला 'पाहण्याचा' अधिकार म्हणजे काय? प्रत गावात नेता येते आणि वाचून घेता येते. एका क्रियापदासाठी चाळीस दिवस धरणे चालले. ब्यावरच्या नागरिकांनी व व्यापाऱ्यांनी भाजी, धान्य, पैसे दिले.

त्यानंतरही आश्वासनच मिळाले आणि १९९७ मध्ये जयपूरला त्रेपन्न दिवस धरणे धरावे लागले. त्याच्या अखेरीस शासनाने सांगितले, की छायाप्रती देण्याचा नियम डिसेंबर १९९६ मध्येच राजपत्रात प्रसिद्ध झालेला आहे! माहिती देण्याविषयीचा नियम झाला आहे ही माहितीच सहा महिने कोणाला नव्हती. विनोदी लेखकाला हे सुचले असते तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटले असते.

१९९६ मध्ये देशपातळीवरील मोहीम उभी राहिली. न्यायमूर्ती पी. बी. सावंत अध्यक्ष असलेल्या प्रेस कौन्सिलने विधेयकाचा मसुदा तयार केला. २००२ चा केंद्रीय कायदा संमत होऊनही कधी अमलात आला नाही. २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबरपासून पूर्णपणे लागू झाला. त्याचे कलम २(ञ), म्हणजे इंग्रजी पाठातील २(जे), अवश्य वाचा. अभिलेखाची पाहणी करणे, टिपणे घेणे, प्रमाणित प्रती घेणे, इतकेच नव्हे तर साहित्याचे नमुनेही घेणे, असा अधिकाराचा अर्थ तेथे दिला आहे. ब्यावरच्या रस्त्यावरील क्रियापदे येथे कायद्याच्या भाषेत उतरली आहेत. माहिती कशासाठी हवी याचे कारण अर्जदाराला द्यावे लागत नाही. उत्तरास सामान्यतः ३० दिवस. विनाकारण विलंब झाल्यास दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड, आणि तो अधिकाऱ्याला व्यक्तिशः. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या रोजगार हमीचा अनुभव पाठीशी घेऊन राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला आणि त्यात सामाजिक अंकेक्षण आले.

चौथी मागणी मात्र मागेच राहिली. चोरी कागदावर दिसू लागली, परंतु दिसलेल्या चोरीवर कारवाई कोणी, किती दिवसांत करावी हे माहितीचा कायदा सांगत नाही. म्हणून राजस्थानातील संघटनांनी पुढे 'जवाबदेही' कायद्याची मागणी धरली आणि त्यासाठी डिसेंबर २०१५ पासून राज्यभर यात्रा काढली.

आपल्या भाषेत हा प्रश्न कसा दिसतो? मराठी निवेदनांत 'मिळावे' आणि 'देण्यात यावे' ही रूपे सर्रास आढळतात. दोन्ही विध्यर्थी, दोन्ही विनयशील, आणि दोन्हींत कर्ता गायब. शासकीय उत्तरही त्याच सुरात येते : 'उचित कार्यवाही करण्यात येईल.' कोण करील आणि कधी, हे व्याकरणच झाकून टाकते. याहून फसवे क्रियापद म्हणजे 'निकाली काढणे'. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी आलेल्या शेतकऱ्यांत वनजमिनी कसणारे आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि प्रलंबित वनहक्क दावे हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. शासनाने लेखी आश्वासने दिली. त्यांच्या पूर्ततेसाठी पुढल्याच वर्षी पुन्हा मोर्चा निघाला. दावा मंजूर झाला तरी तो निकाली निघतो आणि फेटाळला तरी निकाली निघतो. 'दावे निकाली काढा' एवढीच मागणी केली, तर सारे दावे फेटाळूनही ती शब्दशः पूर्ण करता येते. अशा ठिकाणी 'फेटाळलेल्या प्रत्येक दाव्याचे कारण दावेदाराला लेखी द्या' हे एक वाक्य दहा घोषणांहून अधिक काम करील, असे माझे मत आहे.

उपक्रम : आपल्या गावातील, प्रभागातील किंवा बचत गटाने दिलेले एखादे जुने निवेदन मिळवा. त्यातील प्रत्येक मागणीचे क्रियापद अधोरेखित करा आणि त्याचा कर्ता शोधा. जेथे कर्ता सापडणार नाही तेथे तो घालून वाक्य पुन्हा लिहा. ज्या मागणीला 'नाही' असे उत्तरच देता येत नाही तिच्यातून कोणता कागद, कोणते काम किंवा कोणती तारीख मागता येईल, ते निवेदन देणाऱ्या मंडळींसोबत बसून ठरवा. मूळ आणि नवा असे दोन्ही मसुदे संपर्कसत्राला सोबत आणा.