उपवास देवीचा, उपकार देहाचा

नवरात्रात पाथर्डीहून मोहटादेवीच्या गडाकडे पायी निघालेले भाविक पाहिले, की आम्हांस सुश्रुताचार्यांचे स्मरण होते. प्रमेहाच्या रोग्यास त्यांनी शंभर योजने चालावयास सांगितले आहे. सुखाची बैठक, अतिनिद्रा, दही, नवे धान्य व गुळाचे पदार्थ ही प्रमेहाची कारणे चरकाचार्यांनी दिली.

आधुनिक शास्त्राचा निष्कर्षही याहून दूर नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३, परंतु अंगातील मेद याज्ञिकांचा २१.२ टक्के, तर मॅरेथॉन धावणाऱ्या युडकिनांचा ९.१! आपली सडपातळ कायाही अशी फसवी असते. पोटात मेद साठला, की इन्शुलिन असूनही पेशी त्यास जुमानीत नाहीत व रक्तातील साखर चढते. उलट, चालताना स्नायू ती साखर ओढून घेतात.

आता फराळाचे ताट पाहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा, वर साखर! ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात ते उगीच नव्हे. कीर्तनानंतर यजमानांघरची खिचडी आम्हीही वर्षानुवर्षे पोटभर सेविली, हे कबूल केले पाहिजे. त्यापेक्षा मोजकी भगर, शेंगदाण्याची आमटी, काकडी व ताक बरे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून निरंकार उपवास धरू नये.

उपवास म्हणजे देवाजवळ वसणे. ताट हलके ठेवावे, गड पायी चढावा. आणि घट उठल्यावरही चालणे सोडू नये.