शोधाच्या पैशांतून झाडें

चाकणच्या बाजारांतील कांद्याचा भाव हल्लीं पुष्कळ शेतकरी मोबाइलवर शोधतात. अशा नित्याच्या शोधांतूनही वृक्षारोपणास द्रव्य मिळूं शकतें. इ. स. २००९ मध्यें ख्रिश्चन क्रोल यांनीं बर्लिन येथें काढलेलें ‘इकोसिया’ हें शोधयंत्र जाहिरातींवरील आपला नफा मुख्यत्वें झाडें लावण्याकडे खर्चितें. तो नफा मालकांस घरीं नेतां येऊं नये, अशी तजवीज २०१८ सालीं झाली. मात्र नुसत्या शोधानें नव्हे, तर जाहिरात उघडल्यानेंच बहुधा पैसा मिळतो. म्हणून गरजेची तेवढीच उघडावी.

परंतु पैशानें रोप लागतें, जगत नाहीं. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालणें व गुरांपासून राखणें हें शेतकऱ्याच्याच हातीं आहे. बांधावर चिंच, कडुनिंब लावणाऱ्यानें लावलेलीं नव्हे, जगलेलीं झाडें मोजावीं.