लेथ घेण्याआधी हे वाचा: घरच्या वर्कशॉपचा छंद पैसे कधी देतो?



मागच्या व्हिडिओत मी लेथवर बाभळीचं लाटणं काढलं आणि शेवटी एका जुन्या वस्तऱ्याला धार लावून दाखवली. त्यानंतर जे मेसेज आले, त्यातल्या निम्म्याहून जास्त मेसेजमध्ये एकच प्रश्न होता: "दादा, लेथ कुठला घेऊ? लोन मिळेल का?" चाळीसगावकडच्या एका मुलाने तर राजीनामा लिहून ठेवलाय, फक्त द्यायचा बाकी आहे. त्याला मी फोनवर जे सांगितलं, तेच आज इथे सविस्तर लिहितोय.

आधी सार सांगतो. छंदात बनवलेली वस्तू क्वचितच घर चालवते. छंदामुळे हाताला जे कसब लागतं, ते मात्र चालवू शकतं. हे मला पैसे आणि एक चांगला वस्तरा घालवून कळलं.

हे काम आपल्याकडे नवीन नाही

लाकूड फिरवून त्याला गोल आकार देणं याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे: कातणे. ते काम करणारा तो कातारी. महाराष्ट्रात या कामाचं सगळ्यात प्रसिद्ध गाव सावंतवाडी. तिथल्या चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी मिळतात. लाखकामही तिथलं नावाजलेलं. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. तिथल्या दुकानांत नीट बघा. दुकानागणिक तीच फळं, तीच खेळणी दिसतील. कारागीर रोज नवीन कल्पना शोधत बसत नाही, ठरलेला आकार शेकडो वेळा काढतो. हात तसाच बसतो आणि वेळही तसाच कमी होतो.

लेथ म्हणजे नक्की काय घेताय?

लेथ लाकूड फक्त फिरवतो. कापायचं काम पटाशी करते, आणि पटाशी तुमच्या हातात असते. बेंचवर बसणारा छोटा लेथ साधारण २० ते ४० हजारांत येतो, पण बिल तिथे थांबत नाही. माझं असं झालं:

- लेथ: २८,००० रुपये
- पटाश्यांचा सेट: ६,५०० रुपये
- धार लावायला ग्राइंडर: ३,५०० रुपये
- फेस शील्ड, मास्क, पॉलिश पेपर, तेल: २,००० रुपये

एकूण ४०,०००. चार वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला साधारण ८३३ रुपये नुसते मशीनचे. एकही वस्तू विकली नाही तरी ते मोजायचे.

तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळा. पहिली, हातमोजे, मोकळी बाही, ओढणी, गळ्यातली साखळी हे लेथजवळ नको. कापड गुंतलं की हात आत जातो. दुसरी, वेग. लाकडाचा व्यास इंचात घ्या आणि त्याला आरपीएमने गुणा. उत्तर ६,००० ते ९,००० च्या आत राहिलं पाहिजे. म्हणजे सहा इंचाची वाटी १,००० ते १,५०० आरपीएमवर. ओबडधोबड लाकूड असेल तर त्याहून कमी. तिसरी, ओलं लाकूड. आपल्या मे महिन्यात ताजं बाभळीचं लाकूड उन्हात टाकलं तर टोकांना भेगा पडायला वेळ लागत नाही. टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट लावा आणि सावलीत ठेवा. वाटी करायची असेल तर आधी जाडसर काढा, काही महिने वाळू द्या, मग पुन्हा लेथवर चढवा.

माझा लाटण्यांचा हिशेब

लेथ आल्यावर मी दिवाळीच्या प्रदर्शनासाठी ६० लाटणी केली. एका लाटण्याला सामान ६० रुपयांचं आणि वेळ ५० मिनिटं. भाव ठेवला १२०. विकली गेली ११.

हातात आले १,३२० रुपये. सामानाचे गेले ३,६००, स्टॉलचं भाडं १,५००. वर माझे ५० तास, ते तर मी मोजलेच नव्हते. बीबीएला कॉस्टिंगमध्ये चांगले मार्क होते बरं का! पण स्वतःच्या हाताने केलेली वस्तू समोर असली की माणूस हिशेब विसरतो.

चूक कुठे झाली? बाजूच्याच भांड्याच्या दुकानात मशीनवर निघालेलं लाटणं ७० रुपयांना होतं. गिऱ्हाईक वेडं नाही. जी वस्तू बाजारात मिळते तिचा भाव बाजार ठरवतो. जी मिळत नाही, तिचा भाव तुम्ही ठरवू शकता.

मग लेथवर काय करायचं?

त्याच हिवाळ्यात जुन्या जळगावातून एक काकू आल्या. घरातल्या पाळण्याचे चार कातीव खांब होते, त्यातला एक मोडलेला. नातवाचं बारसं तोंडावर. नवा पाळणा कुठेही मिळाला असता, पण त्यांना तोच हवा होता. मी उरलेल्या खांबाची मापं पुठ्ठ्यावर उतरवली आणि जोडीचा खांब काढला. लाकूड १५० रुपयांचं, वेळ अडीच तास, घेतले ९००. तासाला ३०० पडले. काकूंनी भाव केला नाही. उलट जाताना त्यांच्या सुताराचा नंबर देऊन गेल्या.

आज माझ्या लेथवरचं बरंचसं काम अशा सुतारांकडून येतं. देवघराचे खांब, चौरंगाचे पाय, खाटेचा एखादा मोडका पाय, पटाशीची मूठ. सुताराला एका नगासाठी लेथ घेणं परवडत नाही, त्याला तुम्ही परवडता. आपल्याकडची आणखी एक वस्तू सांगतो: भरीत ठेचायची लाकडी बडगी. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हिवाळ्यात भरीत पार्ट्या होतातच. बडगीचा दांडा लेथवर छान निघतो, आणि भरीत केंद्रवाल्याला तो दर सीझनला लागतो.

आता वस्तरा

वस्तरा म्हणजे घडीचा, अख्ख्या पात्याचा. जिलेटला सेफ्टी रेझरचं पेटंट १९०४ साली मिळालं, तरी आपल्याकडच्या सलूनमध्ये वस्तरा पुढे कितीतरी दशकं चालला. एचआयव्हीची जागृती झाल्यावर दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड आलं आणि जुने वस्तरे धोकटीत पडून राहिले. त्यावर इंग्लंडच्या शेफिल्डचा किंवा जर्मनीच्या सोलिंगेनचा शिक्का दिसला तर नीट बघा. ही दोन्ही गावं पोलादी पात्यांसाठी जगभर नावाजलेली.

विकत घेण्याआधी हे तपासा:

- धारेवर चीर असेल तर सोडून द्या. वरचा गंज निघतो, पण धारेपर्यंत खोल गेलेले खड्डे निघत नाहीत.
- मूठ सेल्युलॉइडची असेल तर जपा. ते पटकन पेटतं, आणि जुनं झालं की त्यातून निघणाऱ्या आम्लाने पातं गंजतं.
- मूठ हस्तिदंताची वाटली तर खरेदी-विक्रीच्या भानगडीत पडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो.

काम हाताने करायचं. तेल लावून बारीक पॉलिश पेपरने गंज काढा. मग पाण्याचे दगड क्रमाने: १०००, ४०००, ८०००, शेवटी १२०००. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली हवी. पाठीची जाडीच धारेचा कोन ठरवते, वेगळा कोन धरावा लागत नाही. दगडावर धार पुढे ठेवून न्यायचं. चामड्याच्या पट्ट्यावर उलटं, पाठ पुढे. नाहीतर पट्टाच कापला जाईल.

आणि ग्राइंडर अजिबात नाही. आमच्या धुळ्याच्या गल्लीतल्या एका नाभिक काकांनी त्यांच्या वडिलांचा वस्तरा माझ्याकडे विश्वासाने दिला होता. मी घाई केली, ग्राइंडर लावला. चार-पाच सेकंदांत धारेवर निळी झाक आली. निळा रंग म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं आणि त्याचा कडकपणा गेला. काकांनी पातं उजेडात धरलं आणि म्हणाले, "भाऊ, पातं जळनं हाई. आते धार टिकाव नही." रागावले नाहीत, पैसेही मागितले नाहीत. वस्तरा कापडात गुंडाळून घेऊन गेले. त्याची भरपाई कशात करणार? तेव्हापासून दुसऱ्याची वस्तू हातात घेण्याआधी मी स्वतःच्या भंगारावर सराव करतो. तुम्हीही तेच करा.

वस्तऱ्यात धंदा आहे का?

खरं सांगू? आपल्या धुळे-जळगावात जुना वस्तरा विकत घेणारे फारसे भेटणार नाहीत. हौशी लोक आहेत, पण विखुरलेले, आणि तेही पारखून घेतात. पण वस्तऱ्यावर बसलेला हात कात्रीवर चालतो. टेलरची कात्री ६० रुपये, वेळ दहा मिनिटं. एका फेरीत आठ कात्र्या मिळाल्या तर ४८० रुपये, आणि काही महिन्यांनी तीच कात्री पुन्हा बोथट होते. पाळण्याचा खांब एकदाच होतो, धार परत परत लागते. सलूनच्या महागड्या कात्रीला मात्र हात पक्का बसल्याशिवाय हात लावू नका.

कागदपत्रं

- उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.
- लहान मुलांची खेळणी करून विकायची असतील तर १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं प्रमाणपत्र लागतं. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना सूट आहे. हे माहीत नसताना स्टॉल लावू नका.
- शेताच्या बांधावरचं असलं तरी साग, आंबा, चिंच, मोह, अंजन अशी झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. परवानगीशिवाय तोडू नका. वखारीतून घ्या आणि बिल ठेवा.
- पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात सुतार, नाभिक आणि खेळणी बनवणारे येतात. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्क्यांनी कर्ज मिळतं. पण योजना हाताने ते काम करणाऱ्यांसाठी आहे, कालच छंद लागलेल्यांसाठी नाही.

त्या चाळीसगावच्या मुलाला काय सांगितलं?

राजीनामा देऊ नकोस. आधी दगड आणि चामड्याचा पट्टा घे. घरातल्या सुऱ्या-कात्र्यांवर महिनाभर हात बसव. मग रविवारी पाच टेलरकडे जा आणि पहिली कात्री फुकट करून दे. दोन महिन्यांत पाचांपैकी तिघांनी स्वतःहून पुन्हा बोलावलं, तर तुझ्याकडे गिऱ्हाईक आहे. लेथसाठी आधी तीन सुतारांना भेट, गेल्या वर्षी कातकाम कुठून करून घेतलं ते विचार. वहीत लिही. वही भरली तर लेथ घे. रिकामी राहिली तर तुझे ४० हजार वाचले.

आणि छंद म्हणून करायचं असेल तर बिनधास्त करा. संध्याकाळी दोन तास लाकडाचा भुसा उडवण्यात जे सुख आहे, त्याला कॉस्टिंग लावू नका. फक्त छंदाचे पैसे आणि धंद्याचे पैसे एकाच खिशात ठेवू नका.

पुढच्या व्हिडिओत टेलरची कात्री, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तोपर्यंत वही घ्या आणि कामाला लागा!