माल भरायला नव्हे, मुंबई पाहायला

आपल्या शहरातला दुकानदार मुंबईला जातो तो रात्रीच्या गाडीने. पहाटे उतरतो, चहा-पाव खातो आणि बाजार उघडण्याची वाट पाहतो. हार्डवेअरवाला नागदेवीला, विजेच्या सामानाचा लोहार चाळीत, कापडवाला मंगलदास मार्केटात, स्टेशनरी-खेळणीवाला अब्दुल रहमान स्ट्रीटवर. जोहरची नमाज जुम्मा मशिदीत, मग ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाठोडी टाकायची आणि रात्रीच्या गाडीने परत. वीस वर्षे अशा फेऱ्या करणाऱ्या एका ओळखीच्या दुकानदाराला आम्ही विचारले, गेटवे पाहिले का? ते म्हणाले, "एकदा टॅक्सीतून, लांबून." मशीद बंदर स्टेशनापासून गोदी काही फार दूर नाही. नावातच बंदर आहे, पण बंदर पाहिलेला माणूस आम्हाला बाजारात सापडेना.

यंदा आम्ही ठरवले की मुंबईला जायचे, पण माल भरायला नाही, नुसते पाहायला. सोबत दोघे होते. एक नवाबपुऱ्यातले हिमरू विणणारे चाचा, वय सत्तरीच्या पुढे, आणि दुसरा एक तरुण बिदरी कारागीर. हौस हे एक कारण झालेच. दुसरे कारण असे की आपल्या औरंगाबादला, म्हणजे सरकारदरबारी आता छत्रपती संभाजीनगरला, महाराष्ट्राची पर्यटन राजधानी म्हणतात. मकबऱ्यात, पाणचक्कीवर, वेरूळच्या रस्त्यावर पर्यटक आपल्या दुकानात येतो, पाहतो आणि बहुतेक वेळा न घेताच निघून जातो. तो का जातो, यावर आपण गल्ल्यावर बसून पुष्कळ बोलतो. मात्र पर्यटक होऊन आपण कधी कुणाच्या दुकानासमोर उभे राहिलेलो नाही. राज्याच्या राजधानीत दोन दिवस तसे उभे राहून पाहावे, असा विचार होता.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. सकाळी गेटवेवर पोचलो, घारापुरीच्या लाँचची चौकशी केली, तर कळले आज सोमवार, लेणी बंद. चाचा हसू लागले. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद, हे ज्यांना पाठ आहे अशा शहराचे आम्ही लोक! आपल्याकडे मंगळवारी उतरून वेरूळला निघणारे पाहुणे किती असतील, आणि त्यांना आधी सांगणारे रिक्षावाले, लॉजवाले, दुकानदार किती असतील, याचा हिशोब आम्ही तिथेच मांडू लागलो. दुकानाच्या पाटीखाली बंदचा वार लिहायला रंगाच्या दोन फटकाऱ्यांपलीकडे खर्च नाही.

दिवस मोकळा मिळाला म्हणून गेटवे नीट पाहता आले. 2008 च्या हल्ल्यातले लोक समुद्रातूनच आले होते, तेव्हापासून इथे कठडे आणि तपासणी आहे. आत गेल्यावर मात्र कुणी हटकत नाही. 1911 साली इंग्लंडचा बादशहा पंचम जॉर्ज या धक्क्यावर उतरला त्याची ही आठवण, पण तो उतरला तेव्हा कमान नव्हतीच. पायाभरणी 31 मार्च 1913 ची आणि उद्घाटन 4 डिसेंबर 1924 चे. पुढे तेवीस वर्षांनी, 28 फेब्रुवारी 1948 रोजी, गोऱ्या फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने कमानीसाठी सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या इमारतींचा धडा समोर ठेवला होता. आमचा बिदरी कारागीर दगडाच्या जाळीखाली बराच वेळ मान वर करून उभा राहिला. मकबऱ्यात कबरीभोवती असलेली संगमरवरी जाळी तो लहानपणापासून पाहत आला आहे. "ही जाळी सुरईवर बसेल," एवढेच तो म्हणाला आणि मोबाइलमध्ये चार फोटो घेतले.

कमानीभोवती फोटो काढून देणारे फिरतात. खांद्याला कॅमेरा, पिशवीत छोटा प्रिंटर. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, म्हणजे त्यांच्या धंद्यावर आपल्यासारखीच वेळ आलेली. तरी काही टिकून आहेत. त्यांच्यातल्या एकाच्या हातात नमुन्याच्या फोटोंचा अल्बम होता आणि प्रत्येक मापाखाली दर लिहिलेला. आम्ही फोटो काढला. दर लिहिलेला होता म्हणूनच काढला, हे नंतर लक्षात आले.

दुपारी बंदरात चक्कर मारून आणणाऱ्या लाँचमध्ये बसलो. एका बाजूला ताजमहाल हॉटेलचा घुमट. हे हॉटेल 1903 सालचे, म्हणजे गेटवेपेक्षा जुने. दुसऱ्या बाजूला नांगर टाकून उभी जहाजे. तेव्हा चाचा बोलू लागले. ते पूर्वी एकदाच या बंदरावर आले होते, लहान असताना, वडिलांना हजच्या जहाजावर पोचवायला. मनमाडला गाडी बदलून, मुसाफिरखान्यात मुक्काम करून. तेव्हा जिद्दापर्यंतचा समुद्रप्रवासच मोठा, आणि वडिलांनी जाताना हातमागाची चावी यांच्या हातात दिली होती. हजची जहाजे 1995 साली बंद झाली, आता सगळे विमानाने जातात. आपल्या किती घरांतल्या बुजुर्गांनी या राजधानीचा समुद्र पाहिला तो असा, रडून निरोप घेताना. सहल म्हणून तो पाहायची कल्पनाच तेव्हा कुणाला शिवली नसेल.

मंगळवारी घारापुरी. तासाभराचा प्रवास. 18 डिसेंबर 2024 रोजी याच पाण्यात प्रवासी लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळून 15 माणसे गेली, त्यामुळे लाइफ जॅकेट मागून घेतले आणि प्रत्येकाने घ्यावे. लाँच सुटल्यावर वरच्या मजल्यावर बसलो, तर एकजण वरच्या जागेचे वेगळे पैसे मागायला आला. रक्कम किरकोळ, पण तिकीट देताना कुणी बोलले नव्हते. आमच्या शेजारचे एक कुटुंब पैसे न देता उठून खाली गेले. एवढ्याशा रकमेसाठी त्यांची सहल आंबली.

बेटावर उतरल्यावर सुमारे सव्वाशे पायऱ्या आणि दोन्ही हातांना दुकाने. माळा, टोप्या, दगडाचे हत्ती. एका दुकानदाराने हत्तीचे आठशे सांगितले. आम्ही नको म्हणून चार पायऱ्या चढलो तर मागून पाचशे आले, आणखी चार चढलो तर अडीचशे. घेण्याची इच्छा थोडी होती तीही गेली, कारण अडीचशे खरे की शंभर, हे आता कोण सांगणार? पुढे एक बाई काकडी आणि कैरी घेऊन बसली होती. पुठ्ठ्यावर दर लिहिला होता, शेजारी क्यूआर कोड. तिच्याकडून तिघांनी घेतले, एक शब्द न बोलता. वर लेणीतली वीसेक फुटांची त्रिमूर्ती पाहिली. वेरूळच्या शेजाऱ्यांना डोंगर कोरणे म्हणजे काय ते सांगायला नको, तरी त्या अंधारात माणूस गप्प होतो.

संध्याकाळी कुलाबा कॉजवे. तिथे एका दुकानात चाचांनी एक स्टोल पाहिला, विकणारा म्हणाला शुद्ध रेशीम, हाताचे विणकाम. चाचांनी बोटात धरून पाहिला आणि गुपचूप पैसे दिले. आम्हाला नवल वाटले. लॉजवर आल्यावर त्यांनी झालरीचा एक धागा ओढून काडीवर धरला. रेशीम जळते तेव्हा जळालेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरते. सूत कागदासारखे जळते. हा धागा वितळला आणि त्याची काळी कडक गोळी झाली. "पॉलिएस्टर," चाचा म्हणाले. आम्ही त्या दुकानदाराला शिव्या घालणार, तोच ते पुढे म्हणाले, "त्याला काय बोलता भाई? हाच माल हिमरू म्हणून आपल्या गावात विकतात. तिथे कुणी काडी लावत नाही एवढेच."

या बोलण्यावर त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. हिमरू हे मुळात कमखाबाचे साधे रूप, सुताचा ताणा आणि रेशमाचा बाणा. मुहंमद तुघलकाने 1327 साली राजधानी दौलताबादला आणली, तिच्यासोबत हे विणकर आले असे सांगतात. मशरू त्याचाच भाऊबंद, वर रेशीम आणि अंगाला सूत, कारण पुरुषाला निव्वळ रेशीम जायज नाही. मशरू या नावाचा अर्थच परवानगी असलेले. म्हणजे कापडात काय आहे आणि काय नाही, हे खरे सांगण्यावर ज्याचे नाव उभे, तो हा धंदा. ओल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपण सर्वांनी खुतब्यात ऐकली आहे. यंत्रमागाचा स्टोल विकणे गुन्हा नाही, गरीब गिऱ्हाइकाला तोच परवडतो. तो हातमागाचा म्हणून विकला की मात्र चाचांच्या महिनाभराच्या मेहनतीचा दर त्या स्टोलच्या दराशी बांधला जातो, आणि मग पोराने मागावर का बसावे? चाचांचा मुलगा बसलेला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीपूर्वी वेळ होता म्हणून वस्तुसंग्रहालयात गेलो. पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, 1998 पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. हेही विटेटचेच काम, घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या वळणाचा. काचेआडच्या प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी असते, काय आहे, कुठले, कधीचे. लोक वस्तूआधी चिठ्ठी वाचतात, हे चाचांनी बाकावर बसून मोजून पाहिले. बिदरी कारागिराला वेगळाच प्रश्न पडला होता. आत जस्त असल्याने त्याची सुरई जड, आणि देशातल्या विमानात साधारण 15 किलो सामान नेऊ देतात. तो आता बोटभर डबी आणि चावीच्या कडीवर हात चालवणार आहे, गेटवेच्या जाळीचा नमुना घालून.

सरकारचे हॅण्डलूम मार्क 2006 पासून आहे, ते फक्त हातमागाच्या कापडाला मिळते. चाचांनी त्याबद्दल ऐकले होते, अर्ज कधी केला नव्हता. परतीच्या गाडीत कसारा घाटात त्यांनी आमच्याकडून कागद मागून घेतला आणि शालीला बांधायची चिठ्ठी लिहायला घेतली. हातमाग. ताणा सूत. बाण्यापाशी थांबले. हल्ली ते खऱ्या रेशमाऐवजी कृत्रिम रेशीम वापरतात, खरे परवडत नाही. बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग लिहिले, कृत्रिम रेशीम. खाली दर लिहिला, आणि मनमाड येईपर्यंत तो दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला.