तितराच्या हाकेला तितर का फसतो?

शिरूर-दौंडच्या माळावर पहाटे तितर ओरडतो, तो आपली हद्द सांगायला. हद्दीत दुसऱ्या नराची हाक आली की तो भांडायलाच धावतो. फासेपारध्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हीच खोड वापरली: पिंजऱ्यात पाळलेला तितर, भोवती फास.

अमेरिकेत शिकारी कुत्रे तयार करणारेही पक्ष्याची हाक वापरतात, पण लाव्यांची. सरावात उडवलेले लावे पिंजऱ्यातल्या सोबत्याच्या हाकेवर संध्याकाळी परत येतात.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानतितर पकडणे आणि पाळणे, दोन्ही गुन्हा. 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पारध्यांच्या माथ्यावरचा ‘गुन्हेगार जमात’ हा शिक्का 1952मध्ये पुसला गेला. वीसच वर्षांत पिढीजात धंदाच गुन्हा ठरला. कुणी ‘पाळीव’ म्हणून रानतितर विकायला आणला, तर घेणाराही अडकतो.